शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि सत्तरीनंतरचं विसरणं

गिरणाकाठची

राम राम मंडळी. हा धागा आरोग्यात टाकावा की पाककृतीत, ते ठरेना, म्हणून सरळ चर्चेत टाकतेय. संपादकांना वाटलं तर हलवा.

सासूबाईंची सत्तरी उलटून गेली. सगळे त्यांना अक्का म्हणतात. चाळीसगाव तालुक्यात गावी दिरांकडे असतात. खापरावरचे मांडे करावेत तर अक्कांनीच, अशी पंचक्रोशीत ख्याती. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरण वाटून तयार, कणीक तिंबून ठेवलेली, आणि अक्का चुलीपुढे नुसत्या बसून. पुढे काय करायचं तेच सुचेना. जाऊबाईंनी खापर चुलीवर चढवलं आणि गोळा हातात दिला, तसे हात चालायला लागले. मांडा कोपरापर्यंत सरसर वाढवला, एक भोक नाही. हाताला सगळं येतंय, पण क्रम सुटतोय. शिवाय गोळी घेतली का, नणंद येऊन गेली का, हे दिवसभर विचारणं चालूच.

घरच्या ग्रुपवर उपायांचा नुसता पाऊस पडतोय. भिजवलेले बदाम, अक्रोड, हळदीचं पाणी, खोबरेल तेल, ब्राह्मी. भाच्याने अमेरिकेतून 'माईंड डाएट'ची यादी पाठवली, त्यात ब्लूबेरी आणि ऑलिव्ह ऑइल. चाळीसगावच्या बाजारात ब्लूबेरी मागितली तर भाजीवाली मावशी माझ्याकडे कशी बघेल ते तुम्हीच ठरवा.

दोन गोष्टी विचारायच्यात. खाण्यापिण्याने स्मृतिभ्रंश खरंच टळतो किंवा लांबतो का? आणि लांबत असेल तर आपल्या खान्देशी सैपाकात काय ठेवायचं, काय कमी करायचं? प्रश्न अक्कांपुरता नाही. नवऱ्याला पन्नाशीतच शुगर निघालीय.

अमळनेरी_बापू

ताई, शेवभाजी सोडाले सांगशात ते मी हाऊ धागा वाचावच नही. पहिलेच सांगी ठेवस.

बाकी जाणकार येतीलच. बसलो मांडी घालून.

धुळ्याची_डॉक्टर

गिरणाकाठचीताई, आहाराचं नंतर बोलू. आधी एक विचारते. अक्का शाकाहारी आहेत का? शुगरची गोळी चालू आहे का, असेल तर मेटफॉर्मिन किती वर्षं? आणि बी-१२ शेवटचं कधी तपासलं?

विचारायचं कारण सांगते. विसरणं म्हणजे लगेच अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात नेहमीचा प्रकार) नव्हे. बी-१२ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, पडून डोक्याला लागल्यावर कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त, यांतल्या कशानेही म्हातारं माणूस असंच वागायला लागतं, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. बी-१२ फक्त प्राणिज अन्नातून मिळतं. आपल्याकडे दूध-दही, अंडी, मासे, मटण. भाजी-भाकरीत ते नसतं. वयपरत्वे पोटातलं आम्ल कमी झालं की खाल्लेलंही नीट शोषलं जात नाही, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आणखी घटतं. शाकाहारी, सत्तरीपार, मेटफॉर्मिनवर असलेली बाई दवाखान्यात आली की माझा हात आधी बी-१२च्या चिठ्ठीकडेच जातो. पायांना मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, तेही विचारून बघा.

इथे बसून निदान करता येत नाही. न्यूरॉलॉजिस्टला किंवा निदान चांगल्या फिजिशियनला दाखवा.

गिरणाकाठची

डॉक्टर, तुम्ही घरात येऊन बघितलंत की काय! पक्क्या शाकाहारी, मेटफॉर्मिन दहा-बारा वर्षं तरी असेल, आणि बी-१२ कुणी कधी तपासलेलंच नाही. दूध चहात पडेल तेवढंच. मुंग्यांचं त्या म्हणायच्या, आम्ही 'चप्पल न घालता वावरात फिरता म्हणून' असं म्हणून सोडून द्यायचो. तालुक्याला एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे 'वय झालं' एवढं ऐकून परत आलो. या आठवड्यात तपासणी करतो.

तरी आहाराचा प्रश्न तसाच ठेवतेय. सगळ्यांनी लिहा.

भुसावळ_जंक्शन

माईंड डाएटबद्दल जरा सविस्तर लिहितो. व्हॉट्सॲपवर निम्मीच गोष्ट फिरते.

शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हा आहार मांडला. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचं खाणं आणि रक्तदाबासाठी आखलेला 'डॅश' आहार, या दोहोंतून मेंदूच्या दृष्टीने कामाचं वाटलं ते त्यांनी उचललं. पालेभाजी आठवड्यातून सहा वेळा तरी, कडधान्यं, अख्खं धान्य, सुकामेवा, बेरी, मासे. लोणी, चीज, तांबडं मांस, गोडधोड आणि तळलेलं कमी. ९२३ वृद्धांकडे सरासरी साडेचार वर्षं लक्ष ठेवलं. हा आहार सगळ्यात काटेकोर पाळणाऱ्यांत अल्झायमरचं प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी दिसलं, मध्यम पाळणाऱ्यांत ३५ टक्क्यांनी. ग्रुपवर फिरतो तो आकडा हाच.

आता न फिरणारी बाजू. ते नुसतं निरीक्षण होतं. जो माणूस रोज पालेभाजी खातो तो बहुधा चालायलाही जातो, शिकलेला असतो, बीपीची गोळी वेळेवर घेतो. फायदा भाजीचा की बाकीच्याचा, ते निरीक्षणातून पुरतं सुटत नाही. म्हणून पुढे खरी चाचणी झाली. पासष्टीच्या पुढचे, वजन जास्त असलेले, घराण्यात स्मृतिभ्रंश असलेले ६०४ लोक चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले. एकाला माईंड आहार, दुसऱ्याला नेहमीचंच खाणं, आणि दोघांनाही थोडं कमी. दोन्ही गटांना आहारतज्ज्ञांची सोबत. तीन वर्षांनी, २०२३ मध्ये निकाल आला. स्मरणाच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्यांत दोन्ही गट थोडे सुधारले, पण दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

आणखी एक. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास. ८२२५ लोकांचा आहार मध्यम वयात नोंदवला आणि जवळपास पंचवीस वर्षं पाठपुरावा केला. २०१९ साली छापलेला निष्कर्ष असा की आहार चांगला होता त्यांना स्मृतिभ्रंश कमी झाला, असं दिसलं नाही. अल्झायमरची प्रक्रिया लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी मेंदूत सुरू झालेली असते. तोवर माणसाची भूक, चव, वजन सगळं बदलायला लागतं. त्यामुळे म्हातारपणी आहार विचारला तर कारण कुठलं आणि परिणाम कुठला याची गल्लत होऊ शकते. थोड्या वर्षांच्या निरीक्षणात आकडे चांगले दिसतात आणि लांबच्यात विरतात, यामागे हेही एक कारण असावं.

साक्रीवाला

म्हणजे थोडक्यात काय, खाऊन काही फरक पडत नाही? मग कशाला जिवाला घोर. आण रे एक शेवभाजी, वर रस्सा जास्त.

धुळ्याची_डॉक्टर

नाही हो, साक्रीवाले भाऊ. भुसावळभाऊंनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण निष्कर्ष तुम्ही भलताच काढलात.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पंधरा टक्क्यांच्या आसपास वाटा त्याला लागतो. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या केसाहून नाजूक. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं, साखर रक्तात मुरत राहिली, वाईट कोलेस्टेरॉल साचत गेलं, की या वाहिन्या जाड आणि कडक होतात, कुठे चोंदतात. मग पांढऱ्या भागात छोटे छोटे डाग पडत जातात. एकेका डागाने काही कळत नाही. खूप झाले की माणूस संथ होतो, आखणी जमत नाही, कामाचा क्रम सुटतो. आणि ज्याला अल्झायमरही सुरू झालेला असतो त्याची लक्षणं या डागांमुळे लवकर वर येतात. वयस्कांच्या मेंदूत ही दोन्ही दुखणी एकत्र सापडणं नेहमीचं आहे.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा सुधारता येतील अशी १४ कारणं दिली. सगळी हाताळता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. हिशेब अख्ख्या समाजाचा आहे, एकट्या माणसाच्या हमीचा नाही. त्या १४ मध्ये 'आहार' असं वेगळं कलम नाहीच. पण मधुमेह आहे, रक्तदाब आहे, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आहे, लठ्ठपणा आहे, दारू आहे. या पाचांचा रस्ता सैपाकघरातून जातो की नाही?

बीपीचा पुरावा तर चाचणीचा आहे. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' चाचणीत वरचं बीपी १२०च्या आत ठेवलेल्यांत स्मरणशक्तीची सौम्य घट, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आधीची पायरी, १४०च्या आत ठेवलेल्यांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळली. निव्वळ स्मृतिभ्रंशात मात्र ठाम फरक निघाला नाही. तेव्हा एखादा पदार्थ मेंदूत जाऊन जादू करेल ही आशा सोडा, आणि रोजच्या ताटाने बीपी-शुगरचं काय होतंय ते बघा. आणि हे बघायचं वय चाळीस-पन्नास. ताई, तुमचा धागा खरं तर तुमच्या यजमानांसाठी आहे.

गिरणाकाठची

यजमानांना वाचून दाखवलं. 'उद्यापासून' म्हणालेत.

जळगावची_वांगी

आता माझं क्षेत्र आलं. भाच्याची यादी बाजूला ठेवा आणि आपल्या आज्यांचं ताट आठवा. दादर ज्वारीची नाहीतर कळण्याची भाकरी, उडदाच्या डाळीचं घुटं किंवा तुरीचं वरण, पोकळा-मेथी-अंबाडी यांतलं काहीतरी, जवसाची नाहीतर तिळाची चटणी, कच्चा कांदा, ताक. अख्खं धान्य आलं, डाळ आली, पालेभाजी आली, तेलबिया आल्या. सण सोडला तर गोड नाही. शिकागोच्या यादीतलं निम्म्याहून जास्त यात बसतंय, आणि त्यासाठी कुणाला काही मागवावं लागत नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कळणा म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद घालून जरा भरड दळायचं. आमच्याकडे किलोला पावशेर उडीद. पीठ दळतानाच मीठ घालतात, ते मात्र बीपीवाल्यांनी घालू नये. गिरणीवाल्याला आधी सांगायचं, नाहीतर तो गव्हासारखं बारीक करून देतो आणि भाकरी चिकट होते.

आता भरीत. आमच्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही. पण भरीत हा काही तेलाचा पदार्थ नव्हे. हिरवी-पांढरी लांबडी वांगी वावरात कापसाच्या काड्यांवर भाजायची, सालं काढून बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायची, वरून कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे. इथवर सगळं छान. बिघडतं ते फोडणीला. भरीत पार्टीत तेलाचा किटलीभर लोट आणि सोबत पुऱ्या. मी घरी फोडणी चमचाभर तेलात करते आणि कळण्याच्या भाकरीशी वाढते. पहिल्या दिवशी घरच्यांनी तोंड वाकडं केलं, आता कुणी बोलत नाही.

अमळनेरी_बापू

वांगीताई, तुम्हीन सगळं सांगं, पण खिचडीवरना तेलनं काय? आमनाकडे रातले खिचडी, वरथून घाणानं कच्चं तेल, पापड आन कढी. तेल बिगर खिचडी म्हंजे काय खिचडी शे का?

निवृत्त_कॅशियर

बापू, तेलाचा हिशेब मी देतो, जन्मभर तेच केलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या सूचना काढल्या. दोन हजार कॅलरींच्या ताटात तेल-तूप धरून २७ ग्रॅम, म्हणजे पोह्याचे जेमतेम दोन-तीन चमचे. चार माणसांच्या घराला दिवसाला १०८ ग्रॅम. पंधरा किलोचा डबा आणला तर साडेचार महिने पुरायला हवा. आमच्या घरी डबा किती दिवसांत तळाला जातो ते मी इथे लिहिणार नाही, सूनबाई हा धागा वाचते. ज्याने त्याने आपल्या डब्यावर आणल्याची तारीख खडूने लिहावी, कुणाला सांगू नये, डबा संपल्यावर बघावं. आणि हे तेल म्हणजे दिसणारं तेल. शेवेत मुरलेलं, बाहेरच्या चुरमुऱ्याच्या भत्त्यातलं, समोशातलं यात धरायला बहुतेक जण विसरतात.

शेवभाजी घ्या. कांदा-खोबरं काळं भाजून वाटायचं, त्याला तेलात परतायचं, तेल सुटेपर्यंत. ते सुटलेलं तेल म्हणजेच तर्री. मग त्यात तळलेली शेव. तेलात तेल. वर मीठ रश्शातही आणि शेवेतही.

मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळ्या जेवणांचं मिळून. पापडात मीठ असतंच, वर पापडखार पडतो, तो सोड्याचा भाऊ, म्हणजे सोडियम त्यातूनही. बिबड्या, कुरडया, लोणचं, ठेचा, सगळीकडे तेच. बीपीची गोळी घ्यायची आणि खिचडीशी दोन पापड मोडायचे, हे म्हणजे एका खिडकीवर भरणा आणि दुसऱ्या खिडकीवर उचल.

अमळनेरी_बापू

नाना, तुम्ही जुनं खातं उघडलं राव. बरं, एक पापड.

धुळ्याची_डॉक्टर

भाजलेला. आणि रोज नाही.

नंदुरबारची_मिरची

आमच्याकडची एक गोष्ट सांगते. पावसाळ्यात सातपुड्यातल्या आदिवासी बाया रानभाज्या घेऊन बाजारात बसतात. शेवग्याचा पाला, घोळ, चिवळ, तरोटा. जुडी इतकी स्वस्त की भाव करायची लाज वाटावी. आणि आम्ही शहरातले त्यांच्यासमोरून जाऊन मॉलमधून परदेशी पानं प्लॅस्टिकच्या डब्यात आणतो. पालेभाज्यांवर त्याच शिकागोच्या गटाने २०१८ मध्ये ९६० वृद्धांचा अभ्यास छापला होता. दिवसाला एखादी वाटी खाणाऱ्यांची बुद्धी अगदी कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत इतकी संथ घटली की फरक वयाच्या अकरा वर्षांएवढा. हेही निरीक्षणच, भुसावळभाऊ ओरडायच्या आत मीच लिहून टाकते. पण फोलेट, व्हिटॅमिन के, ल्यूटिन असलेली भाजी दहा-वीस रुपयांत मिळत असताना पुराव्याची वाट कशाला बघायची?

धुळ्याची_डॉक्टर

एक सूचना. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिनची गोळी चालू असेल (हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांना बहुधा असते) तर पालेभाजी एकदम वाढवू नका, एकदम बंदही करू नका. व्हिटॅमिन के आणि ती गोळी एकमेकांविरुद्ध काम करतात. रोज साधारण सारखी खा आणि डॉक्टरांना सांगा.

पुण्यातला_पाचोरेकर

हळदीचं काय? आपण भारतीय हळद खातो म्हणून आपल्याकडे अल्झायमर कमी, असं पूर्वी वाचलं होतं.

भुसावळ_जंक्शन

त्याचं मूळ बहुधा हरियाणातल्या बल्लभगडचा अभ्यास. नव्वदच्या दशकात तिथल्या खेड्यांत अल्झायमरचं प्रमाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत बरंच कमी आढळलं होतं. मग लोकांनी कारण म्हणून हळद पकडली. पण २०२३ साली देशभरच्या पाहणीतून अंदाज आला तो साठीच्या पुढच्यांत ७.४ टक्के स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. हळद तर दोन्हीकडे पडते. हळदीत कर्क्युमिन तीनेक टक्के, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. वरणात घाला, रंग छान येतो. गोळ्यांवर पैसे घालवू नका.

खोबरेल तेलालाही पुरावा नाही, आणि त्यात बहुतेक संपृक्त चरबी, त्यामुळे एलडीएल वाढतं. अक्रोड-बदामाचं जरा बरं आहे. बार्सिलोनाच्या एका चाचणीत भूमध्य आहारासोबत रोज मूठभर, ३० ग्रॅम सुकामेवा किंवा भरपूर ऑलिव्ह तेल दिलेल्या ज्येष्ठांची कामगिरी साध्या आहाराच्या गटापेक्षा चांगली ठरली. २०१५ साल, ४४७ माणसं. लहान चाचणी आहे, पण नुसत्या निरीक्षणापेक्षा वजनदार. अक्रोड परवडत नसेल तर शेंगदाणे आहेत, जवस आहे. जवसातलं ओमेगा-३ शरीराला थोडंच वापरता येतं, मासळीतल्यासारखं नाही, तरी चटणी सोडायचं कारण नाही. जवस भाजून कुटूनच खा. अख्खा खाल्ला तर जसा आत गेला तसा बाहेर.

माहेर_एरंडोल

+१ जवसाच्या चटणीला. तिखट कमी, लसूण जास्त.

मला वेगळंच लिहायचंय. माझ्या वडिलांचं विसरणं बघून घरच्यांनी त्यांचं सगळं तोडलं. भात बंद, गोड बंद, तूप बंद, रात्री नुसतं सूप. शुगर सुंदर आली आणि दादा वाळून काटकी झाले. एका पहाटे घामाघूम आणि असंबद्ध बोलणं. तपासली तर साखर पन्नासच्याही खाली. तेव्हापासून मला या आहाराच्या चर्चांची थोडी भीतीच वाटते.

धुळ्याची_डॉक्टर

बरं झालं लिहिलंत, एरंडोलताई. हे फार घरांत होतं, आणि करणारे प्रेमानेच करतात.

पन्नाशीच्या माणसाने वजन आणि साखर उतरवणं वेगळं, आणि विसरायला लागलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाचं जेवण तोडणं वेगळं. त्या वयात वजन उतरणं हीच धोक्याची खूण असते. इन्सुलिन किंवा साखर जोरात उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील आणि जेवण कमी पडलं तर साखर खाली कोसळते, आणि असे झटके मेंदूला इजाच करतात. त्यामुळे साखरेचं उद्दिष्टही अशा लोकांत आम्ही थोडं सैल ठेवतो.

त्यांना भूक लागल्याचं कळत नाही, जेवल्याचं आठवत नाही, दात नसतात, चव गेलेली असते. भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून द्या, चमचाभर तूप घाला. मूग-तुरीचं घट्ट वरण, दही, चालत असेल तर अंडं, म्हणजे प्रथिनं जातात. थोडं थोडं, चार-पाच वेळा. पाणी समोर धरून द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा नुसत्या पाणी कमी पडण्यानेही म्हातारी माणसं बरळायला लागतात. त्यांच्या आवडीचा गोड घास सणाला बंद करू नका. आजार पुढे गेल्यावर मांडा नाकारून काही मिळत नाही.

साक्रीवाला

आता गंमत बाजूला ठेवून. आमच्या मोठ्या बाबांना ऐकू कमी यायचं. कानाचं यंत्र 'म्हाताऱ्याचं लक्षण' म्हणून लावायचे नाहीत. ओट्यावरच्या गप्पांत बसणं सुटलं, मग बोलणंच कमी झालं, पुढे विसरणं. डॉक्टरांनी वर सांगितलेल्या १४ कारणांत ऐकू न येणं आहे का?

भुसावळ_जंक्शन

आहे, आणि वरच्या नंबरात. ऐकू न येणं आणि एलडीएल, दोघांचा वाटा प्रत्येकी सात टक्के धरलाय. नजर कमी होणं आणि एकटेपणाही त्या यादीत आहेत. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसणाऱ्यांनी हे वाचावं.

याच धर्तीवर फिनलंडच्या 'फिंगर' चाचणीत नुसता आहार नव्हता. ६० ते ७७ वयाचे १२६० लोक, दोन वर्षं आहार, व्यायाम, डोक्याला काम आणि बीपी-शुगरवर लक्ष, हे सगळं एकत्र दिलं. तिथे २०१५ मध्ये दुसऱ्या गटापेक्षा सरस निकाल मिळाला. एकटा आहार जिथे अडतो तिथे ही मोळी चालली. कानबाईच्या सणाला चार भाऊबंद एकत्र जमतात, रोट दळतात, गाणी म्हणतात, रात्र जागवतात, यात आहार सोडून बाकी सगळं येतं असं माझं आपलं मत.

नंदुरबारची_मिरची

आहारही येतो हो, रोट असतात की. तूप किती असतं ते विचारू नका.

गिरणाकाठची

अपडेट देते. अक्कांचं बी-१२ दोनशेच्या बरंच खाली आलं. थायरॉइड ठीक. बीपी वर १६० होतं, ते कुणाच्याच गावी नव्हतं. धुळ्याला न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. बी-१२ची इंजेक्शनं सुरू झालीत, बीपीची गोळी लावलीय, एमआरआय सांगितलाय. त्यांनी स्पष्ट सांगितलं की इंजेक्शनने मुंग्या आणि थकवा बहुतेक कमी होईल, विसरणं किती सुधारेल ते आत्ता सांगता येणार नाही, कारण दोन-तीन गोष्टी एकत्र असू शकतात.

घरात सध्या एवढंच केलंय. दिवसाला दोन वाट्या दही-ताक. तिखट-मीठ सगळ्यांचंच कमी, अक्कांचं वेगळं शिजवलं तर त्या जेवत नाहीत. कळण्याच्या दळणातलं मीठ बंद. पालेभाजी रोज, निवडायला त्यांच्यापुढेच देतो. मेथी निवडताना त्या अजिबात चुकत नाहीत आणि तेवढा वेळ प्रश्नही विचारत नाहीत. शेवभाजी महिन्यातून एकदा, तर्री वरून काढून. यजमानांचं 'उद्यापासून' अजून उगवायचंय, पण तेलाच्या डब्यावर मी तारीख घातलीय.

अमळनेरी_बापू

तर्री काढी टाकी ते खाले काय ऱ्हायनं ताई, बेसननं पानी? जाऊ द्या. अक्काले मन्हा दंडवत सांगा.

रावेरची_केळी

उशिरा आलो, सगळा धागा वाचला. डॉक्टर, एक विचारायचंय. आमच्याकडे बागाच केळीच्या, तात्या दिवसाला चार-पाच केळी खातात. बीपीला केळी चांगली, पोटॅशियम असतं म्हणतात. पण मागच्या महिन्यात त्यांचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) थोडं वाढलेलं निघालंय. चालू ठेवावीत का?

धुळ्याची_डॉक्टर

नाही, थांबवा. किडनी नीट असेल तर दिवसाला एखादं केळं बीपीला चांगलंच. पण किडनी मंदावली की पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि रक्तात वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांवर येतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं. तात्यांच्या रक्तातलं पोटॅशियम आधी तपासून घ्या, आणि कुठली गोळी चालू आहे ते तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर केळी बंद. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ घरात आणलं असेल तर तेही तात्यांना देऊ नका, त्यात पोटॅशियमच असतं.